वाहनमुक्त रविवारचे वाहनतळ

मी हळू बोलतो. परळच्या खोलीतून भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक वसाहतीत, राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीत पाण्याच्या वेळांवरून, लिफ्टवरून आणि जिन्यात ठेवलेल्या चपलांच्या रॅकवरून रोज जुंपत असे. त्या गदारोळात आवाज न चढवणारा इसम म्हणून लोकांचे माझ्याकडे लक्ष गेले आणि वार्षिक सभेत मला सोसायटीचा सेक्रेटरी करण्यात आले. हा गुणाचा गौरव आहे, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. पन्नाशी मागे पडल्यावर आता वाटते, की असा माणूस नेमण्यात केवळ एक सोय असते. त्याच्या हातून कोणाचे फारसे काही होत नाही, आणि तरीही त्याच्यावर कोणाला रागावता येत नाही.

याच सोयीपोटी मला निसर्ग उद्यानाच्या समितीत घेतले गेले.

हे उद्यान उत्तनजवळच्या पालीच्या माथ्यावर आहे. एका अंगाला कोळ्यांचे गाव, दुसऱ्या अंगाला समुद्राकडे उतरणारा खडकाळ सडा, आणि मधे झाडीने भरलेली टेकडी. टेकडीच्या खांद्यावरून एक पायवाट जाते. चालणारे, धावणारे, सायकलवाले, पक्षी पाहणारे, कुत्री फिरवणारे आणि लग्नाआधीचे फोटो काढून घेणारे असे सगळेच ती वाट वापरतात. गावातली माणसेही त्याच वाटेने जातात. पण ती वाट ‘वापरतात’ असे आमच्यापैकी कोणी म्हणत नसे. ती नुसती जात-येत.

आमच्या लोकांना या टेकडीचा शोध लागला आणि पालीची शांतता संपली. तिथल्या गल्ल्या अशा, की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीने कोणाच्या तरी अंगणात शिरावे. त्या गल्ल्यांत मीरा रोड आणि भाईंदरच्या भल्याथोरल्या गाड्या रविवारी सकाळी शिरू लागल्या. ज्यांना निसर्गात चालायचे होते त्यांची निसर्गापर्यंत चालण्याची तयारी नव्हती. वाटेच्या तोंडाशी, अगदी पहिल्या झाडाला बंपर टेकवून, गाडी उभी करता आली तरच त्यांचे फुप्फुस प्रसन्न होई. गावाने तक्रार केली. संबंधित खात्याने ती वाचली, आणि शनिवार-रविवारची सगळी व्यवस्था ‘परिसरातील सुजाण नागरिकांच्या समिती’कडे सोपवून दिली. ज्यांच्या गाड्यांबद्दल तक्रार होती त्यांनाच सुजाण ठरवून व्यवस्थेला बसवावे, ही युक्ती ज्या कोणाला सुचली त्याचे मला आजही कौतुक वाटते.

समितीतले झाडून सगळे सदस्य कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे पदाधिकारी होते. अध्यक्ष मीरा रोडच्या एका मोठ्या संकुलाचे चेअरमन होते. स्वतःच्या संकुलात त्यांनी दूधवाल्यालाही ओळखपत्र दिले होते. आम्हां सर्वांना राज्य करण्याची एकच रीत ठाऊक होती. गेट, गेटवर वॉचमन, आणि गाडीच्या काचेवर स्टिकर. आमच्या हाती टेकडी आली. आम्ही तिची सोसायटी केली.

गावाच्या वरच्या वेशीबाहेर, पायवाटेच्या तोंडाजवळच्या सपाट जागेवर वाहनतळ आखण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ते मी मनापासून केले. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून भागणार नव्हते. रेघ ही आपल्याकडे सूचना समजली जाते. म्हणून मी बांबू रोवून त्यांना नायलॉनच्या दोऱ्या ताणल्या, एक गुडघ्याच्या उंचीवर आणि एक खांद्याच्या. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी काढता-घालता येणारी दोरी ठेवली. दोऱ्या इतक्या ताठ होत्या, की बोट मारले तर वाजत. पायवाटेच्या सुरुवातीला लोखंडी फाटक बसवले, त्याला साखळी घातली, साखळीला कुलूप लावले. त्या कुलपाची किल्ली वाहनतळ आणि पायवाट उपसमितीचा प्रमुख या नात्याने माझ्या खिशात राहू लागली. घरच्या किल्ल्यांपेक्षा ती मी जास्त वेळा चाचपून पाहत असे.

स्टिकर छापून आले आणि नियम झाला: स्टिकर असलेल्यांनाच प्रवेश. पहिल्याच रविवारी भाईंदर स्टेशनपासून धावत आलेल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना वॉचमनने फाटकावर अडवले.

“स्टिकर?”

“अरे, मैं दौड़ के आया हूँ. गाड़ी ही नहीं है.”

“गाड़ी नहीं है तो स्टिकर नहीं है. स्टिकर नहीं है तो अंदर कैसे छोड़ूँ, साहब?”

वॉचमनचे तर्कशास्त्र निर्दोष होते. ते आम्हीच लिहून दिले होते. चालण्याच्या वाटेवर चालत येणाऱ्याला मज्जाव आणि गाडीतून येणाऱ्याला सलाम, अशी व्यवस्था आम्ही पूर्ण शुद्धीत, चहा-बिस्किटांसह दोन बैठका घेऊन केली होती. त्या गृहस्थांनी पुढच्या आठवड्यात मुलाच्या गाडीचा स्टिकर आणला आणि पाण्याच्या बाटलीवर चिकटवला. वॉचमनने बाटलीला सलाम करून त्यांना आत सोडले. त्यानंतर समितीने ‘पादचाऱ्याकडे वाहन असणे अनिवार्य नाही’ असा ठराव केला. मात्र पादचाऱ्याने आपल्या सोसायटीचे ओळखपत्र दाखवावे, अशी पुस्ती अध्यक्षांनी जोडली. सोसायटीत न राहणारी माणसेही जगात असतात, ही शंका कोणाला आली नाही. मला आली होती. मी ती शेजारच्या सदस्याच्या कानात सांगितली.

मग वाटेचे वेळापत्रक झाले. धावणारे आधी, सायकली नंतर, कुत्री त्याहून नंतर, कारण कुत्री सायकलीमागे धावतात आणि सायकलवाले कुत्र्यांच्या मालकांशी बोलताना कुत्र्यांपेक्षा मोठ्याने बोलतात. सर्वांत आधीचा, पहाटेपासून उन्हे वर येईपर्यंतचा, म्हणजे नऊपर्यंतचा वेळ मात्र पक्षीनिरीक्षकांनी मिळवला. आमच्या समितीत एक सदस्य होते, त्यांच्या कॅमेऱ्याची नळी तोफेएवढी होती आणि ते तिच्यामागे लपूनच जगाशी बोलत. त्यांनी ‘शांतता काळ’ मंजूर करून घेतला. त्या काळात फाटकाला साखळी, आत फक्त निरीक्षक. गावातल्या बायका डोक्यावर मासळी घेऊन त्याच वेळी वाटेने जातात, मासळीच्या वासाने कावळे आणि घारी जमतात, आणि त्यामुळे पक्षी येत नाहीत, असे त्यांनी लेखी मांडले होते. कावळे आणि घारी हे पक्षी धरावेत की कसे, यावर मतदान झाले आणि धरू नयेत असे ठरले. मी तटस्थ राहिलो.

शांतता काळाची साखळी लागली त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी एक बाई फाटकाशी आली. साधारण माझ्याच वयाची असावी. गळ्यात क्रूस, कमरेला घट्ट खोचलेले लुगडे, डोक्यावरच्या पाटीतून पाणी गळून खांद्यावर आलेले. मागे तिची सून, जीन्सवर जुना शर्ट घातलेली, तिच्याही डोक्यावर तेवढीच पाटी. पाट्यांत ताजे बोंबील होते. वॉचमनने हात आडवा केला. ठराव झाला तरी तो सवयीने आधी स्टिकरच मागत असे.

“स्टिकर दिखाओ.”

“कुठं लावू?” बाई म्हणाली. “पाटीला का कपालाला?”

मी पुढे झालो. “मावशी, एक मिनिट थांबा, मी समजावून सांगतो.”

“मावशी कोनाला बोलतोस? तुज्या डोस्क्यावर माज्यापेक्षा कमी केस हायत.”

सून हसली. मी माझ्या मृदू आवाजात नियमाचा हेतू सांगितला. बाईने डोक्यावरचे ओझे न हलवता सगळे ऐकून घेतले, आणि मग तिची अडचण मला तीन वाक्यांत सांगितली. टेकडीपलीकडच्या सड्यावर तिच्या घरचे खळे होते, म्हणजे मासळी वाळवायची जागा. बोट आली की ओला बोंबील सकाळीच बांबूंवर चढवावा लागतो. उशीर झाला तर त्याला पाणी सुटते आणि तो टाकून द्यावा लागतो. त्या खळ्यावरच घर चालत होते, आणि लग्न होऊन आली तेव्हापासून ती या वाटेने तिथे जात होती.

“खालून गल्लीनेही जाता येतं ना?” मी विचारले.

“खाली तुमच्याच गाड्या हायत. वरती स्टिकर न्हाय म्हनून मला सोडीत न्हाय. स्टिकर न्हाय म्हनून ज्यांना वरती सोडीत न्हाय, ते खाली गल्लीत गाडी लावून गेलेत. मंग मी काय उडून जाऊ? उडाले तर तो दुर्बिनवाला तरी बघंल माज्याकडं.”

मी म्हणालो, “मी हे बैठकीत मांडतो.”

त्या दिवशी शांतता काळ संपायला फारसा वेळ उरला नव्हता, आणि तो संपताच वॉचमनने तिला तशीच सोडली, म्हणून तिचा माल वाचला. माझ्या मनाला मात्र मी असे समजावले, की तो माझ्या मध्यस्थीमुळे वाचला.

विषय मी खरोखर बैठकीत मांडला. कोणाचाही उल्लेख टोकदार होणार नाही अशा बेताने मांडला, त्यामुळे तो कोणाला टोचला नाही. अध्यक्ष म्हणाले, “हे लोक आपलेच आहेत. त्यांना पास देऊ.” तिला अभ्यागत पास देण्यात आला. माझ्या स्वतःच्या वाहनतळाहून जुन्या, माझ्या इमारतीहून जुन्या, बहुधा माझ्या जन्माहूनही जुन्या वाटेवर तिला पाहुणी म्हणून, नऊनंतर, सोबत ओळखपत्र बाळगून, येण्याची परवानगी मिळाली. पास मी स्वतः तिच्या घरी नेऊन दिला. तिने तो उलटापालटा करून पाहिला.

“नऊनंतर बोंबील न्हाय, त्याचा लगदा नेते मी,” ती म्हणाली. “चा पिनार?”

चहा घेतला. चांगला होता. चहा देणारी बाई आता समजुतीने घेईल, असा निष्कर्ष काढून मी परतलो.

पुढचे काही आठवडे असेच गेले. बोट शनिवार-रविवारी आली, की ती फाटकाशी उभी राही, मी तिच्याशी अत्यंत आदराने बोले, आणि साखळी जागच्या जागी राही. एकदोनदा तिचा माल अर्धा गेला. ते मला वॉचमनने सांगितले, आणि मी त्याला म्हणालो, “वाईट झालं.” घरी ही सगळी हकिकत मी बायकोला सांगत असे, माझ्या संयमाला घरातून थोडी दाद मिळावी या आशेने. एका संध्याकाळी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “तुम्ही हळू बोलता ना, म्हणून समोरच्याला वाटतं तुम्ही ऐकताय.” आणि पुन्हा भाजीकडे वळली. मी गॅलरीत गेलो. समोरच्या इमारतीचा वॉचमन एका रिक्षावाल्याला आत येऊ देत नव्हता.

त्यानंतर वाहनमुक्त रविवार आला.

ही कल्पना अध्यक्षांची. उद्यानाच्या परिसरात एक संपूर्ण रविवार कोणतेही वाहन येऊ द्यायचे नाही, लोकांना चालण्याचे महत्त्व पटवायचे, एका मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन करायचे. त्या दिवशी सकाळी वाहनतळ पहिल्यांदाच काठोकाठ भरले. समितीचे सदस्य आपापल्या गाड्यांतून आले, कारण लवकर पोचायचे होते. पाहुणे गाडीतून आले, पाहुण्यांची माणसे दुसऱ्या गाडीतून आली, ‘आज पायांनी या’ असे लिहिलेला भलामोठा फलक टेम्पोतून आला, आणि ध्वनिक्षेपकासाठी लागणारा जनरेटर आणखी एका टेम्पोतून. माझी गाडीही पहिल्याच रांगेत होती. बायकोने निघताना विचारले होते, “बसने का नाही जात?” मी म्हणालो होतो, “माझ्याकडे किल्ली आहे.” या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, ते तिने विचारले नाही आणि मलाही सांगता आले नसते.

नेमकी त्याच पहाटे बोट आली होती आणि जाळे भरून आले होते. बाई, तिची सून आणि शेजारपाजारच्या चार बायका पाट्या घेऊन फाटकाशी आल्या तेव्हा पाहुणे साखळीसमोर उभे राहून छायाचित्र काढून घेत होते. 

अध्यक्ष माझ्या कानाशी आले. “त्यांना जरा बाजूला थांबवा. फोटो झाला की सोडू.”

फोटो झाला. मग पाहुण्यांना पक्षी दाखवण्याची टूम निघाली. तोफेसारख्या नळीचे आमचे सदस्य त्यांना घेऊन आत गेले, आणि पाहुण्यांच्या सन्मानार्थ शांतता काळ अनिश्चित मुदतीने वाढवण्यात आला. साखळी मी पुन्हा लावली.

बाई माझ्यासमोर आली. त्या दिवशी तिने थट्टा केली नाही.

“फाटक उघड.”

“अध्यक्षांना विचारून सांगतो.”

“किल्ली कोनाकडं हाय?”

“माझ्याकडे.”

“मंग त्याला काय इचारतोस?”

मी खिशातल्या किल्लीवर हात ठेवून उभा राहिलो. पाट्यांतून पाणी ठिबकत होते. ऊन टेकडीवर चढत होते. बोटीच्या एवढ्या मोठ्या फेरीचा माल गेला तर घराचे काय होईल, हे मला ठाऊक होते. चहा पिताना तिनेच सांगितले होते. मी माझा सर्वांत सौम्य स्वर काढला आणि म्हणालो, “तुमची अडचण मला पूर्ण समजते.”

“समजते तर उघड. न्हायतर समजत न्हाय असं बोल. तेवढं तरी खरं बोल.”

मी दोन्हींपैकी काहीच केले नाही. तिने मान वळवून सभोवार नजर टाकली. ती नजर माझ्यावरून, फलकावरून, जनरेटरवरून फिरून वाहनतळावर गेली आणि तिथेच थांबली. ती तिकडे चालू लागली. बाकीच्या तिच्या मागोमाग गेल्या.

बोंबील वाळत घालण्याची एक रीत आहे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूवर किंवा दोरीवर पाय पसरून बसल्यासारखी टाकायची. हात बसलेल्या बायका हे काम इतक्या झपाट्याने करतात, की पाहणाऱ्याला फक्त दोरी पांढरी होत गेलेली दिसते. माझ्या पहिल्या रांगेची खांद्याच्या उंचीची दोरी भरली. मग गुडघ्याची भरली. मग दुसरी रांग.

सुनेने एक दोरी बोटाने वाजवून पाहिली. “मम्मी, मस्त ताणल्यात. आपल्या खळ्यावरच्या अशा ताठ नाहीत.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “कोणी बांधल्या, अंकल?”

“मी,” मी म्हणालो.

“छान बांधल्यात.”

समितीत असल्यापासून माझ्या कामाचे एवढे मनापासून झालेले ते एकमेव कौतुक.

पाहुणे पक्षी न दिसताच परतले तेव्हा वाहनतळाचे खळे झाले होते. प्रत्येक दोरीवर बोंबील, रांगांच्या तोंडाशी असलेल्या दोऱ्यांवर बोंबील, आणि त्यांच्या मधोमध आमच्या गाड्या, बॉनेटवर खारट पाण्याचे ओघळ घेऊन, मुकाट उभ्या. वर कावळ्यांनी आणि घारींनी आभाळ धरले होते. इतके पंख त्या टेकडीवर एकत्र कोणी पाहिले नसतील. आमच्या निरीक्षक सदस्यांनी सवयीने कॅमेरा उचलला, आणि मतदान आठवून खाली ठेवला. दोन बायका काठ्या घेऊन घारींना हाकायला बसल्या होत्या.

अध्यक्षांनी प्रथम पाहुण्यांना सांगितले, की हे स्थानिक जीवनशैलीचे दर्शन आहे आणि ते कार्यक्रमाचाच भाग आहे. पाहुण्यांनी बोंबलांसोबत फोटो काढून घेतला. फोटो झाल्यावर त्यांना निघायचे होते, आणि तेव्हा लक्षात आले, की निघता येत नाही.

“हटाओ ये सब,” अध्यक्ष वॉचमनला म्हणाले.

“साहब, मैं शाकाहारी हूँ.”

मग आम्ही एकमेकांकडे पाहिले. समितीतले निम्मे लोक मासे न खाणारे. उरलेले निम्मे खाणारे. रविवारी दुपारी बोंबील फ्राय नसेल तर ताटाशी रुसून बसणारे. पण ओल्या बोंबलाला हात लावायला त्यांतला एकही तयार नव्हता. एकाला संध्याकाळी लग्नाला जायचे होते, दुसऱ्याची शाल नवीन होती, तिसऱ्याने तत्त्वाचा प्रश्न काढला. मीही हात पुढे केला नाही. मात्र मी फाटकाकडे गेलो, कुलूप काढले, साखळी सोडली, आणि परत येऊन बाईला म्हणालो, “उघडलं आहे. आता घेऊन जा.”

तिने शेवटची जोडी दोरीवर टाकली. “आता? आता टांगलेला काढला तर तुटतो. पानी निथलू दे, ताठ होऊ दे. उद्या नेईन.”

“पण गाड्या?”

“तुमचा आज बिनगाडीचा रईवार ना?” ती म्हणाली. “तसं लिवलंय तिथं.”

तिने फलकाकडे हनुवटी केली. अध्यक्षांनी मीटिंगचा आवाज लावून पाहिला, मग चढवलेला आवाज लावून पाहिला, आणि अखेरीस फोन काढून रिक्षा शोधू लागले. रिक्षा येईना, गल्ली आमच्याच बिनस्टिकरच्या लोकांनी भरून टाकली होती. तेव्हा ‘आज पायांनी या’ या फलकाखालून सुजाण नागरिकांची समिती, पाहुणे आणि पाहुण्यांची माणसे पायांनी निघाली. उन्हात, बसस्टॉपपर्यंत. चालण्याचे महत्त्व पटवणारे एकही भाषण वाटेत झाले नाही. बसमध्ये उभे राहायला जागा मिळाली. तोफेसारखी नळी एका बाईच्या भाजीच्या पिशवीत अडकली आणि तिने आमच्या निरीक्षकांना उत्तनपासून भाईंदरपर्यंत मोठ्या आवाजात ऐकवले. मी खिडकीबाहेर पाहत होतो. मला हसू येत होते, आणि त्या हसण्याची लाजही वाटत होती. कारण मी हसत होतो ते बाकीच्यांना, आणि किल्ली माझ्याच खिशात होती.

सोमवारी कामावरून लवकर निघून मी गाडी आणायला बसने पालीला गेलो. बोंबील ताठ झाले होते. बायका ते उतरवून पाट्यांत भरत होत्या आणि उघड्या फाटकातून टेकडीपलीकडे नेत होत्या. सोमवार असल्यामुळे तिथे वॉचमन नव्हता, समिती नव्हती, शांतता काळ नव्हता. फक्त शांतता होती. बाई मला पाहून थांबली. मी बसमध्ये मनाशी चार वाक्ये नीट बांधून आणली होती. त्यांत खेद होता, आत्मपरीक्षण होते, एक समर्पक उपमाही होती. पहिले वाक्य निम्मे झाले असेल.

“मापी राहू दे,” ती म्हणाली. “शनवारी परत बोट येनार. साखली असंल का न्हाय, तेवढं सांग.”

“समितीपुढे हा विषय—”

तिच्या डोक्यावर पाटी होती, आणि ती पाटीखालून माझ्याकडे पाहत होती.

“नसेल,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली आणि गेली.

समितीची बैठक गुरुवारी झाली. बॉनेटवरच्या डागांवर बराच वेळ चर्चा झाली. वाहनतळाच्या दोऱ्या काढून त्या जागी जाड पाइप बसवावेत, म्हणजे त्यांवर काही टांगता येणार नाही, असे एकमताने ठरले. पायवाटेचा विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला. सगळे उठू लागले तेव्हा मी म्हणालो, “शनिवारी मी साखळी लावणार नाही.”

कोणी ऐकले नाही. मी पुन्हा म्हणालो. आवाज तेवढाच होता. तो चढवणे मला अजूनही जमत नाही. पण एरवी अशा प्रत्येक वाक्यापुढे मी ‘असे माझे नम्र मत आहे’ हे शब्द जोडत असे, ते या वेळी जोडले नाहीत. 

अध्यक्ष थांबले. “परस्पर कसं ठरवलंत तुम्ही?”

“ठरवलं खरं.”

“मग किल्ली इकडे द्या.”

“घरी राहिली,” मी म्हणालो. ती खिशातच होती. मी आयुष्यात फार कमी वेळा खोटे बोललो आहे असे लोक समजतात. वास्तविक मी ते नेहमी इतक्या सभ्यपणे बोलत आलो, की कोणाला ते ऐकू आले नाही. त्या दिवशीचे मात्र सरळ खोटे होते, आणि अध्यक्षांनाही ते कळले.

शनिवारी पहिल्या बसने गेलो. उजाडत होते. नुसती लोंबणारी साखळी काढून मी फाटक ढकलले आणि बाजूला उभा राहिलो. वॉचमनने विचारले, “साहब, ऑर्डर है?” मी म्हणालो, “है.” निरीक्षक सदस्य आधीच आले होते, नळीवरचे झाकण काढत होते. गल्लीतून पाट्या वर येताना दिसल्या तेव्हा ते कुजबुजले, “म्हणजे हे आता असंच चालणार?”

“बोट येईल तेव्हा,” मी म्हणालो.

बाई पुढे होती. फाटकाशी आल्यावर तिने पाऊल मंद केले नाही. “बाजूला हो, पानी गलतंय,” ती म्हणाली. मी आणखी मागे सरलो, करवंदीत. पाण्याचा ओघळ माझ्या बुटांवरून गेला. सून गेली, बाकीच्या गेल्या. कोणी माझ्याकडे पाहिले नाही, आणि पाहण्यासारखे तिथे काही नव्हतेही.

वळणावर पोचल्यावर बाईने न वळताच हाक दिली, “ते फाटक वाऱ्यानं लागतंय. दगड लाव.”

फाटक खरोखरच हळूहळू मिटत होते. मी दगड शोधायला गेलो.